दुपट्ट्याखाली विकलेली मोटार

सन १९६६. मी बत्तीस वर्षांचा होतो. माझ्या दारात एक माणूस पाणी मागायला आला आणि भरलेला गडवा हातात घेऊन तसाच उभा राहिला. तहानलेला माणूस आधी पितो, मग बोलतो. हा आधी बोलला. म्हणाला, "गाव छान आहे तुमचं." आमच्या गावाला छान म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

हे आता या वयात लिहायला बसलो ते नातवामुळे. परवा त्यानं फोनमध्ये मला एक हर्रास दाखवली, परदेशातली. मोठा मांडव, कोट घातलेली माणसं, मधोमध एक जुनी उघडी मोटार, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी. एक जण लाकडी हातोडी घेऊन बोली पुकारत होता. मोटार कोटीत गेली. नातू म्हणाला, "आबा, आपल्याजवळ हेच होती न? तुमी तं फुकटात घालवली." मी त्याच्याकडूनच वही मागवली. मी तिसरी शिकलेला आहे. माझं अक्षर मोठं आहे. ज्याला लागत नसेल त्यानं चष्मा घालावा.

आमचं गाव मेहकरहून जानेफळला जाताना लागतं. आमच्या आवारात बैलांचा कोठा होता आणि कोठ्याच्या अर्ध्या भागात ती मोटार उभी होती. हिरवी. रंग उडून जागोजागी पत्रा दिसत होता, पण नाक ताठ. नाकावरून चामड्याचा पट्टा बांधलेला, घोड्याला तंग बांधतात तसा. चाकांना सायकलीसारख्या तारा. वर छत नाही. दाराच्या बाहेर पितळेचा भोंगा आणि त्याला रबराचा फुगा. आमच्या कोंबड्या तिच्या बैठकीवर अंडी द्यायच्या. ती कधी चालू झालेली गावानं पाहिली नव्हती.

इंग्रज गेला त्या साली माझा बाप बुलढाण्याला गेला होता, एका गोऱ्या साहेबाच्या सामानाची हर्रास होती म्हणून. कपाशीवर झाकायला तंबूचं जाड कापड स्वस्तात मिळेल असा त्याचा हिशेब. गेला तंबूसाठी आणि चौथ्या दिवशी परत आला तो मोटार घेऊन. बैलजोडी पुढं, मोटार मागं, मध्ये नाडा. सारा गाव रस्त्यावर. बैलानं ओढलेली मोटार कोणी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून आमच्या घराचं नाव मोटारवाले.

नाव पाडलं ते आमच्या समोरच्या चक्कीवाल्यानं. त्याची पिठाची चक्की होती आणि जीभही तशीच, जे पडेल ते दळायची. माझा बाप पारावर जाऊन बसला की हा तोंडानं "पों, पों" करायचा. मग पारावरचे सगळे करायचे. "एका बैलजोडीचे पैसे डब्यात घातले या बुढ्यानं," असं चक्कीवाला सांगायचा आणि सांगून सांगून ते खरं झालं. बापाला मी कितीदा विचारलं, बाबा, कितीले घेतली? तो म्हणायचा, "घेतली." का घेतली विचारलं तर म्हणायचा, "चाकं चांगली होती." पण चाकं काढून त्यानं कधी बंडीला लावली नाहीत. हळूहळू त्यानं पारावर जाणंच सोडलं. माझ्याही मनात यायचं, खरंच जोडीचे पैसे दिले असतील का यानं? सख्ख्या बापाचा संशय यावा, अशी ती मोटार होती.

माझं लग्न जुळवतानाही ती आडवी आली. मध्यस्थानं सोनाळ्याकडच्या माझ्या सासऱ्याला सांगितलं, घरी मोटार आहे. खोटं कुठं होतं? घरची, म्हणजे माझी बायको, नवी नवरी म्हणून आली, कोठ्यात पाहिलं, आणि त्या दिवसापासून तिनं मोटारीशी वैर धरलं. तिथं शेळ्या बांधायच्या, हे तिचं म्हणणं. भांडण झालं की शेवट तिथंच यायचा.

तर तो पाणी मागणारा. पांढरा बुशकोट, जीप घेऊन आलेला, मुंबईचा. त्याची नजर कोठ्याकडे जात नव्हती. तुम्हाला वाटेल, मग संशय कशाचा? अहो, बैलबाजारात ज्याला जो बैल घ्यायचा असतो तो त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो आणि शेजारच्या बैलाचे दात पाहतो. यानं आमचं जातं पाहिलं, उखळ पाहिलं, तुळशीचं वृंदावन पाहिलं. सगळं पाहिलं आणि कोठ्याच्या अर्ध्या भागात उभी असलेली हिरवी मोटार तेवढी पाहिली नाही. जाता जाता म्हणाला, "ते काय आहे, भंगार का?"

"मोटार आहे," मी म्हणालो.

"असं? मी भंगारही घेतो कधीकधी. पन्नास रुपये देईन. तुमची जागा मोकळी होईल."

जागा मोकळी होईल, हे घरचीनं आतून ऐकलं. पडद्यामागून बांगड्या वाजल्या. मी म्हणालो, विचार करतो. त्यानं पाणी तुळशीला ओतलं आणि गेला.

दुसऱ्यांदा आला तेव्हा शंभरावर आला. तिसऱ्यांदा दोनशे. घरची म्हणाली, "अवं, देऊन टाका न. काऊन अडून राह्यले?"

"भंगारासाठी कोणी मुंबईहून तीनदा येते का वं?"

"त्याले येऊ द्या चारदा. आपल्या शेळ्या भिजून राह्यल्या."

मी मेहकरला गेलो. बसस्टँडजवळ एक मिस्त्री होता, ट्रकची कामं करायचा, मुसलमान, माझ्या ओळखीचा. त्याला सगळं सांगितलं. नाक असं, पट्टा असा, चाकं अशी. तो म्हणाला, "भाऊ, मी अशी गाडी पाह्यलीच नाई. मले काय मालूम?"

मला त्याचाही संशय आला. म्हटलं, याला मुंबईवाला आधीच भेटून गेला असेल. "खरं सांगून राह्यला का बे?"

"अल्ला कसम. अन् माह्यावर भरवसा नसन तं इचारता काऊन? दोन घंटे झाले, चहा माह्याच पिऊन राह्यले."

हे त्याचं बरोबर होतं. चहा त्याचाच होता. परत येताना रस्ताभर मी एकच विचार केला. भाव मला नको होता. म्हणजे पैसा कोणाला नको असतो, पण त्याहून मला दुसरंच हवं होतं. या मोटारीची खरी किंमत पारावरच्या सगळ्या कानांवर पडायला हवी होती, चक्कीवाल्याच्या तर पडायलाच हवी होती. बाप खाटेला लागला होता. तो असेपर्यंत मला कळायला हवं होतं की तो मूर्ख होता का नव्हता, आणि नसेल तर ते गावाला कळवायचं होतं.

मुंबईवाला पुन्हा आला तेव्हा मी सांगितलं, "हर्रास करतो. चावडीपुढं, बाजाराच्या दिवशी. ज्याले घ्याची त्यानं बोली लावा."

त्याचा चेहरा आंबट झाला. "अहो, एवढ्याशा भंगारासाठी हर्रास कशाला? तुमच्याकडे ते हातावर कापड टाकून भाव ठरवतात ना, तसं करू. तुमचं आमचं."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकतात आणि आत बोटं धरून भाव करतात. पहिली पकड हजाराची, दुसरी शेकड्याची. जितकी बोटं धरली तितके. हजार नसतील तर पहिल्यांदा नुसती मूठ द्यायची. आणि दुपट्ट्याखाली जो भाव ठरला तो दोघांतच राहतो. बायकोला सांगत नाहीत, भावाला सांगत नाहीत. माझ्या बापानं जन्मभर असेच बैल घेतले आणि विकले.

म्हणूनच मला दुपट्टा नको होता. मुंबईवाल्याला तो हवा होता, हे तर आणखी एक कारण झालं. मी म्हणालो, "नाई. बोली चार लोकांत."

बाजाराच्या दिवशी आम्ही मोटार ढकलत चावडीपुढं आणली. कोंबड्या आदल्या दिवशीच हाकलल्या होत्या, तरी एक आतून उडाली आणि सगळा गाव हसला. बाप म्हणाला, मलेही घेऊन चाल. त्याची खाट चौघांनी उचलून चावडीच्या भिंतीशी ठेवली. कोंडवाड्यातल्या जनावरांची हर्रास पुकारायचा तो कोतवाल पुकारायला उभा केला.

तेवढ्यात एक नवा माणूस आला. उंच, लांबोडका, काखेत कातडी पिशवी. म्हणाला, अकोल्याहून आलो, हर्राशीचं ऐकलं, फाट्यावर बसमधून उतरून पायी आलो. मुंबईवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं न पाहिलं केलं. मी मात्र त्याचे बूट पाहिले. आमच्या फाट्यापासून पायी आलेल्या माणसाचे बूट कसे होतात ते मला माहीत आहे. याच्या बुटांवर धूळ नव्हती.

कोतवालानं सुरुवात केली. "बोला, मोटार एक नग, जशी आहे तशी!"

"सव्वा रुपया!" चक्कीवाला ओरडला.

"अन् एक कोंबडा!" मागून कोणी तरी.

"कोंबडी तं मोटारीसंगच भेटते बे, तू कोंबडा काऊन देतं? आता पिल्लं काढाची का मोटारीले?" तिसरा म्हणाला.

मी दात आवळून उभा. बाप खाटेवर डोळे मिटून पडलेला. मग मुंबईवाला बोलला, "दोनशे." हसू थांबलं. लांबोडका म्हणाला, "अडीचशे." मुंबईवाला तीनशे. लांबोडका साडेतीनशे. मुंबईवाला चारशे.

लांबोडक्यानं खिशातून सिगारेट काढली, मान हलवली. "बस. आपल्याला नाही परवडत."

आणि इथं एक गोष्ट घडली, जी गावानं पाहिली नाही, मी पाहिली. लांबोडक्यानं सिगारेट ओठात धरली, तोच मुंबईवाल्यानं न मागता काड्यापेटी पुढं केली. लांबोडक्यानं ती पेटवली आणि पेटी मुंबईवाल्याच्या बुशकोटाच्या खिशात स्वतःच्या हातानं टाकली. अनोळखी माणसाच्या खिशात कोणी हात घालतं का? हे दोघं एकाच ताटातले. एक थोडा वेळ बोली लावणार, मग थांबणार, गावाला वाटणार हर्रास झाली.

"चारशे एक वार," कोतवाल म्हणाला. "चारशे दोन वार..."

"थांब बे," मी म्हणालो.

चक्कीवाला ओरडला, "काऊन थांब? चारशे म्हंजे कमी झाले का? घे अन् पेढे वाट!" बायकांच्या घोळक्यातून घरची हातानं खुणावत होती, द्या, द्या.

"मोटार माही आहे. बोली झाली. आता दुपट्टा."

मुंबईवाला खूश झाला. हात पुसून पुढं आला. मी म्हणालो, "तुमी थांबा. पयले हे." आणि लांबोडक्याला बोलावलं.

"पण मी तर सोडलं," तो म्हणाला.

"या तं खरं. हात दिला म्हंजे मोटार गळ्यात पडत नाई."

सगळे हसले, त्यालाही यावं लागलं. मी त्याला बोटांची भाषा समजावली, दुपट्टा टाकला. त्याचा हात मऊ, घामानं ओला. पहिल्यांदा मूठ दिली, दुसऱ्यांदा चार बोटं. म्हणजे चारशेच. मी मान हलवली, पण हात सोडला नाही. आणि मी त्याच्याकडे नाही, मुंबईवाल्याकडे पाहत उभा राहिलो.

मुंबईवाल्याची मान लांब झाली होती. त्याला दुपट्टा दिसत होता, बोटं दिसत नव्हती. लांबोडक्यानं मागं वळून त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्यालाही तेच कळलं असावं, की इथं आपल्याला कोणी पाहत नाही. दुपट्ट्याखाली त्याचा हात थोडा थांबला. मग त्यानं पुन्हा पहिली पकड दिली, आणि या खेपेला ती मूठ नव्हती.

मी चेहरा हलू दिला नाही. बैलबाजारात हे शिकायला वर्षं जातात. हात सोडला, मुंबईवाल्याला बोलावलं.

"किती सांगितलं त्यानं?" त्यानं येतायेताच विचारलं.

"दुपट्ट्याखालचं सांगत नसतात."

"अहो पण तो माझा..." आणि त्यानं जीभ चावली.

चावडीपुढच्या सगळ्या गावानं ते ऐकलं. मग कोतवाल म्हणाला, "तो तुमचा कोण, साहेब?"

मुंबईवाल्यानं माझा हात असा धरला की बोटं दुखली. त्याच्याही पहिल्या पकडीत मूठ नव्हती. त्याचा हात सोडून मी लांबोडक्याला धरलं, त्याला सोडून पुन्हा याला. दरवेळी एक जण दुपट्ट्यात आणि दुसरा बाहेर तळमळत. शेवटी मुंबईवाल्याला राहवलं नाही. तो लांबोडक्यावर ओरडला, "चारशेच्या वर जायचं नाही असं ठरलं होतं आपलं!"

"मग तू काय दाबतोयस आत?" लांबोडका म्हणाला. "भजन करतोयस?"

"आणि चारशेची बोली लावायला आलास तर पिशवी भरून पैसे कशाला आणलेस रे? आधीपासूनच तुझ्या मनात होतं!"

पुढचं इंग्रजीत झालं, थोडं हिंदीत. इंग्रजी कळलं नाही पण शिव्या कळल्या. शिव्या कळायला शाळा लागत नाही. आमच्या कोंबड्यांच्या डब्यासाठी शहरातले दोन शिकलेले मित्र भर बाजारात एकमेकांची गचांडी धरायला निघाले. गावानं ते डोळ्यांनी पाहिलं. मी चक्कीवाल्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही दळून निघत नव्हतं.

शेवटची चढी पकड लांबोडक्याची निघाली, मोटार त्यानं घेतली. पैसे तिथंच दुपट्ट्याआड मोजले आणि मी त्यातच बांधले. मुंबईवाला जीप सुरू करून एकटाच निघून गेला. तेव्हा कळलं की मोटार ओढून न्यायला आणली होती ती हीच जीप. लांबोडका मधोमध उभा, मोटार त्याची आणि ओढायला काही नाही. माझी जोडी शेतावर होती, आणि चौकशी करता गावात त्या वेळी मोकळी बैलजोडी एकच होती, चक्कीवाल्याची. त्यानं मेहकरपर्यंतचं भाडं सांगितलं, लांबोडक्यानं कबूल केलं. मोटार आली तशीच गेली, बैलांच्या मागं, आणि या खेपेला बैल हाकत होता चक्कीवाला.

पण निघण्याआधी लांबोडका मोटारीभोवती फिरला आणि थबकला. "हिला भोंगा होता. कुठं गेला?"

मलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात खाटेवरून बापाचा आवाज आला. चावडीवर आल्यापासून तो पहिल्यांदा बोलला. "जनावर इकलं. दावं नाई इकलं."

आमच्याकडे बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकणारा स्वतःकडे ठेवतो. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दावं दिलं तर दावणीची बरकत जाते असं मानतात. मोटारीचं दावं कोणतं? बापानं त्याच्या परीनं ठरवलं होतं. सकाळीच एका पोराकडून भोंगा काढवून गोधडीखाली ठेवला होता.

लांबोडका चिडला. "अहो, मूळचा भोंगा नसला तर किंमत कमी होते तिची!"

"मंग ते पयले पाहाचं होतं," बाप म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले. लांबोडक्यानं मुंबईवाल्याची धूळ गेली त्या रस्त्याकडे एकदा पाहिलं. तो परत आला तर, अशी धास्ती त्याला होती. त्यानं भोंगा सोडला.

दिवेलागणीला मी बापाच्या खाटेजवळ बसलो. पारावर तोवर एकच विषय होता, कितीले गेली. मला चार जणांनी विचारलं होतं. घरचीनं दोनदा विचारलं होतं, दुसऱ्यांदा गोड आवाजात. आणि मी कोणालाच सांगू शकत नव्हतो. ज्या भावासाठी हर्रास मांडली तो भाव मी स्वतःच दुपट्ट्याखाली नेला होता. उघड्यावर बोली झाली तेव्हा ती खोटी होती. खरा भाव निघाला तो झाकलेला निघाला.

बाप म्हणाला, "सांगू नको." मग हात पुढं केला. "मले दे."

मी दुपट्टा टाकला. त्याच्या हाताची बोटं वाळल्या शेंगांसारखी झाली होती. मी पहिली पकड दिली, दुसरी दिली. त्यानं मान हलवली, जसा एखादा बरा बैल पाहून हलवायचा. मग मी हात काढायला लागलो तर त्यानं धरून ठेवला. आणि त्यानं मला बोटं दिली. त्याचा भाव. मग हळूच सांगितलं, बुलढाण्याच्या त्या साहेबाच्या हर्राशीत मोटारीवर कोणी बोली लावलीच नव्हती. सगळे गेल्यावर साहेबाच्या खानसाम्यानं, ज्याला बाजाराची रीत माहीत होती, बापाच्या हातावर कापड टाकलं होतं.

किती ते मी लिहिणार नाही. एवढं सांगतो की बैलजोडीच्या जवळपासही नव्हतं. एका बैलाच्याही नाही. एवढं सांगितलं म्हणजे भाव सांगितला असं होत नाही.

इतकी वर्षं त्यानं पारावरचं "पों, पों" ऐकून घेतलं, मग पार सोडला, पण खानसाम्याशी झालेली बोटं उघडी केली नाहीत. एक शब्द बोलला असता तर चक्कीवाल्याचं तोंड बंद झालं असतं. आणि मी, त्याचा मुलगा, मनातल्या मनात त्याच्यावर संशय धरून बसलो होतो.

नातू मला कोटी सांगतो. मी त्याला विचारलं, त्या मांडवात बोली कोण कोण लावत होतं? म्हणाला, मोठमोठे लोक. म्हटलं, त्यातला कोण कोणाच्या खिशात काड्यापेटी टाकत होता, ते तुझ्या फोनमध्ये दिसतं का? हातोडी वाजली म्हणून भाव खरा कशावरून? तो हसला. त्याला वाटतं बुढा जळतो. जळत नाही. मी विचारतो आहे. उत्तर असेल त्यानं द्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंडी जुंपली. बापाला उचलून बंडीत बसवलं, भोंगा त्याच्या मांडीवर ठेवला आणि पारावर नेलं. पारावर सगळे होते, मेहकरहून रात्रीच परतलेला चक्कीवालाही. त्याला वाटलं आता भाव कळणार. "सांग न बे आता," तो म्हणाला, "कितीले गेली?" मी बापाला मधोमध बसवलं, त्याच्या जुन्या जागेवर. त्यानं रबराचा फुगा दाबला, पण बोटांत तेवढा जोर नव्हता, नुसती हवा निघाली. मग मी त्याच्या हातावर माझा हात ठेवला, या वेळी वरून दुपट्टा न टाकता, आणि सगळ्या पाराला ऐकू जाईल असा तो भोंगा दाबला.